घोकलेली लॅटिन विशेषणे

माझे वर्गबंधू अजून सांगतात की, साठ-पासष्ट वर्षांपूर्वी बंगळूरच्या कॉलेजात लॅटिनच्या फादरांची मी जिरवली. धादांत खोटे! नामांना प्रत्यय लावून विशेषणे कशी होतात, याचे परीक्षेतले माझे उत्तर फादरांनी दिलेल्या टिपणातल्या यादीशी शब्दशः जुळले, म्हणून त्यांनी माझ्यावर नकलेचा आळ घेतला. मी हादरलो. घरी आम्ही संस्कृत रूपे घोकत असू, तशीच ती यादी मी घोकली होती. तिथेच उभ्याने म्हणून दाखवली: “मारे म्हणजे समुद्र, मारिनुस म्हणजे समुद्राचा...”

“पुरे! नक्कल नाही,” फादर म्हणाले. “आता यादीबाहेरचे सांग. मोन्स, म्हणजे डोंगर. विशेषण?”

इतकी विशेषणे तोंडपाठ, पण स्वतःहून एकही घडवता येईना. आळ आला तेव्हाही मला एवढा धक्का बसला नव्हता.