करवतीचं दुसरं टोक

ही वही कुणी उघडलीच तर ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आणि वेडंवाकडं अक्षर पोटात घालावं. मी चौथीपर्यंतच शिकले. चार माणसांत बोलायला मला अजून जमत नाही, म्हणून लिहिते.

बाबा सुतार. रत्नागिरीत आमची ख्रिस्ती मंडळी लहानशी. सगळ्यांनी वर्गणी काढून चर्चच्या बाकांसाठी बाबांना साठ रुपये दिले होते. नाताळच्या आत बाकं व्हावीत म्हणून बाबांनी फणसाचं ओलं लाकूड घेतलं. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर त्यांनीच त्याला झाडलं असतं. शिमग्याच्या सुमारास फळ्या पिळवटल्या, सांधे सुटले, आणि एका रविवारी प्रार्थना चालू असताना एक बाक तीन म्हाताऱ्यांसकट खाली बसलं. कुणाला लागलं नाही. पण बाबा चर्चला जाईनात. "साठच्या साठ फेडीन, मगच तोंड दाखवीन," म्हणायचे, आणि दिवसभर हत्यारांकडे बघत बसायचे.

मग एका शनिवारी दुपारी मंडळीतले तिघे आले. शिंपी, शाळेचे मास्तर आणि दवाखान्यातले कंपाउंडर. बाबांना घेऊन ते परसात गेले. आई मला तिकडे फिरकू देईना. संध्याकाळी चौघे परतले तेव्हा त्यांच्या केसांत, भुवयांत भुसा. पुढच्या शनिवारीही तसंच. मला वाटायचं, ते प्रार्थना करत असतील. पण प्रार्थनेनं डोक्यात भुसा कसा जातो?

तिसऱ्या शनिवारी मी परसाच्या दगडी गडग्याआडून पाहिलं. ओंडका उंच लाकडी घोडीवर चढवलेला, त्यावर बाबा उभे, खाली मास्तर, आणि दोघांच्या हातात एकच लांब करवत.

"मास्तर, ओढा! ढकलू नका, पातं वाकतं."

"मग ती वर कशी जाणार?"

"ते माझ्याकडे लागलं. मी ओढीन तेव्हा तुम्ही नुसती धरून राहा."

शिंपी हसले. "मेस्त्री, पोरांना वरच्या वर्गात ढकलायची सवय आहे त्यांना!"

कंपाउंडरांनी मला पाहिलं. "काय गो, काय बघतेस?"

मी कसंबसं विचारलं, "तुम्ही प्रार्थना कधी करता?"

"मास्तरांच्या हातात करवत असली की सारखीच!"

नंतर आईने सांगितलं. एका व्यापाऱ्याला आंब्याच्या पेट्या हव्या होत्या. फळ्या पाडायला दोन माणसं लागतात, आणि मजूर लावायला बाबांकडे पैसे नव्हते. उसने ते घेत नव्हते. म्हणून हे तिघे पाळीपाळीने करवतीचं दुसरं टोक धरत होते.

एकदा चर्चचे पाळकसाहेब परसातच आले. म्हणाले, "मेस्त्री, मंडळीने पैसे सोडले. उद्या उपासनेला या."

बाबांचा चेहरा उतरला. मला कळेना, कर्ज सुटल्यावर माणूस असा का दिसतो?

शिंपी खालून डोळे चोळत म्हणाले, "पाळकसाहेब, सोडू नका, घ्या. आम्ही उगाच भुसा खाल्ला काय?"

पाळकसाहेबांनी भुशाने माखलेल्या चौघांकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरं. मग जमतील तसे दर महिन्याला द्या. पण माझ्या घरी नकोत. चर्चमध्ये, उपासना झाल्यावर."

पहिले दोन रुपये घेऊन बाबा गेले तेव्हा दारातच थबकले. मी आईच्या पदराआडून बघत होते. बाबांच्याच एका पिळवटलेल्या बाकावर ते तिघे आधीच बसले होते, बाक डगमगू नये म्हणून पाय रोवून. मास्तरांनी सरकून जागा केली. बाबा बसले. बाक करकरलं, पण टिकलं.

आंब्याचे दोन हंगाम गेले. दुसऱ्या पावसाळ्याच्या तोंडावर बाबांनी शेवटचे चार रुपये टेबलावर ठेवले. पाळकसाहेबांनी वहीत साठाचा आकडा पुरा केला आणि खाली रेघ मारली.