तिन्ही स्कॅनर एकदम बोलू देत!

मी एकदा गणपतीला एकवीस मोदकांचा नवस बोलले होते. त्यात काय मागितलं ते आठवून आमच्या सरावलीच्या बिल्डिंगमधल्या बायका अजून हसतात. घर नाही, बढती नाही. मी म्हटलं, "देवा, ह्यांच्या कंपनीतले तिन्ही स्कॅनर एकदम बोलू देत!" मग गणपतीला स्कॅनर म्हणजे काय ते समजावण्यात अर्धी पूजा गेली.

असे किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. केमिकल कंपनीत नवरा असला की रिकाम्या डब्याबरोबर ते रोज घरी येतात. आधी हसू येतं. मग बसची वाट बघताना तेच किस्से पुन्हा आठवतात.

*

मला ते सगळं ह्यांनी स्वयंपाकघरातच समजावलं. हे इन्स्ट्रुमेंट विभागात आहेत. प्लांटमध्ये ओळीनं तीन मोठ्या टाक्या. माल पहिलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत जातो. प्रत्येक टाकीचं तापमान एक स्कॅनर मोजतो आणि कंट्रोल रूमच्या कम्प्युटरला कळवतो. पण तिघांची घड्याळं तीन तऱ्हांची!

"मग काय बिघडतं?" मी विचारलं.

"कम्प्युटर सांगतो, आधी दूध उतू गेलं आणि मग गॅस पेटला."

मी पोट धरून हसले. मग सहज म्हटलं, "आणि खरंच उतू जात असेल तेव्हा हो?"

ह्यांनी नुसती पोळी पुढे ओढली.

*

कंट्रोल रूममध्ये दुबेजी बसतात. आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहतात. तिसऱ्या टाकीचा आकडा आधी चढलेला दिसला की ते खुर्चीतून हलायचेसुद्धा नाहीत. "अरे छोड़ो, ये तीसरा वाला तो जनम का झूठा है!"

एकदा बायकोला घेऊन आमच्याकडे चहाला आले होते. मी विचारलं, "भाईसाहब, और किसी दिन सच बोला तो?"

दुबेजी बशीतला चहा फुंकत म्हणाले, "भाभीजी, उसी दिन तो मरेंगे!"

सगळे हसले. दुबेजींची बायको सोडून.

*

मग ह्यांच्या साहेबांनी ठरवलं, घड्याळं हातानंच जुळवू. तीन माणसं तीन स्कॅनरपुढे उभी केली. मध्ये साहेब. शिट्टी वाजली की तिघांनी एकदम बटण दाबायचं. आयडिया फर्स्टक्लास!

शिट्टी वाजली. तिघांनी बटण दाबलं आणि बाकीची अख्खी शिफ्ट गेटकडे पळत सुटली! प्लांटमध्ये शिट्टी म्हणजे गॅस सुटला, हे साहेब विसरलेच होते. सर्वांत पुढे आमचा फिटर कमळाकर. तो इथलाच, किनाऱ्याकडच्या गावचा.

साहेब ओरडतायत, "अरे थांबा, घड्याळं लावतोय!"

कमळाकर गेटवरून, "तुमी लावा साहेब, आमी हितनं वेळ सांगतो!"

*

संकष्टीला माझी जाऊ मनोरहून व्हिडिओ कॉलवर आरतीला येते. इकडे कमळाकरची बायको हेमा माझ्या शेजारी झांज घेऊन. एकदा आमची आरती संपली, कापूर विझला, तरी मोबाईलमध्ये मनोरच्या टाळ्या चालूच!

हे दारातून म्हणाले, "बघ, आमच्याकडे हेच होतं. नेटवर्कवरून ज्याचा त्याचा आवाज आपापल्या वेळेनं पोचतो. ताल एकानंच धरायला हवा, आणि तो सगळ्यांना एकाच क्षणी ऐकू जायला हवा."

हेमा म्हणाली, "मंग तितं पन एक झांज ठेवा ना!"

आणि तसंच झालं म्हणा ना. एक केबल मागवायचं ठरलं. पहिल्या स्कॅनरनं तिच्यातून इशारा द्यायचा आणि तिघांनी त्याच क्षणी तापमान वाचायचं. प्लांटमध्ये तिचं नावच पडलं, झांज.

*

आता गच्चीचं सांगते. कंपनीकडून दणका झाला, काचा थरथरल्या, की आम्ही बायका गॅस बंद करून गच्चीवर. धूर कुठल्या बाजूला आहे ते आधी बघायचं. फोन करून उपयोग नसतो, कारण कामावरच्यांचे मोबाईल कंपनीच्या गेटवरच्या कपाटात जमा. तरी आम्ही करतोच.

कंपनीचा वॉचमन एकदा मला म्हणाला, "ताई, दनका झाला का सगला कपाट रडाया लागतो."

*

केबल आली. तिचं टोक जुळवायला ह्यांनी ती घरी आणली होती. नवीन वस्तू आधी देवापुढे, ही ह्यांची जुनी सवय. काम झाल्यावर स्वतः हळदकुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवली. सकाळी कंपनीच्या बसची घाई, गेले.

त्या दिवशी संकष्टीच होती. दुपारी कंपनीचा धोक्याचा भोंगा सुरू झाला. मी देव्हाऱ्यापुढे हात जोडायला गेले, तर झांज तिथेच! गणपतीच्या पायाशी, हळदीकुंकवासकट.

गच्चीवर कशी चढले आठवत नाही. मग दणका झाला. पांढरा धूर, आणि तोही आमच्याच बाजूला. हेमानं माझा हात असा धरला की बांगडी पिचली. आम्ही फोन लावत होतो. ते कपाट रडत असणार.

किती वेळ गेला देव जाणे. बस आली. पायरीवरून कमळाकर ओरडला, "वयनी, सगली हायेत!"

दुबेजी आमच्या दारात आले, तोंड पांढरंफटक. "भाभीजी, तीसरा वाला आज सच बोला। और हम जिंदा हैं!"

तिसऱ्या टाकीचा आकडा आधी चढला होता. झांज लागली आहे, म्हणजे आज घड्याळाचा घोळ नाही, तिसरी खरंच तापतेय, असं समजून दुबेजींनी लगेच भोंगा दाबला. सगळे गेटवर पोचले, आणि मग टाकीचं झाकण उडालं.

मी ह्यांना देव्हाऱ्यापुढे नेऊन उभं केलं.

हे बघतच राहिले. "मी तर टूलबॅग कमळाकरकडे दिली... त्यानं लावली असेल म्हणून..."

कमळाकर दारातून म्हणाला, "बॅगेत केबल नव्हती. मी समजलो, तुमीच लावलीत."

दुबेजी एकदा केबलकडे बघत, एकदा ह्यांच्याकडे. "तो फिर आज तीनों को ताल किसने दिया?"

मी मोदकांची उकड काढायला घेतली.

नवस फेडला. आता तुमच्याकडे एकच मागणं. तुमच्या घरचं कोणी अशा बसनं जात असो वा नसो, येत्या संकष्टीला त्या बसमधल्या माणसांसाठी एक नवस बोला. आणि गणपतीला स्कॅनर म्हणजे काय ते समजावत बसू नका. त्याला माहीत आहे.