शंभर गाठी आणि वरचे शुक्रवार

कतारात, दुखानमध्ये मी वीस वर्षं वेल्डिंग केलं, कुठल्या कुठल्या देशांची माणसं पाहिली, पण सगळ्यांचा हट्ट एकत्र केला तरी आमच्या फिजीवाल्याच्या पासंगाला पुरला नसता. कपाटाएवढा गडी, क्रेनचे दोर बांधायचा. हिंदी उसाच्या मळ्यातल्या शेजाऱ्यांकडून शिकलेला. चहाआधी एक टाळी, संपल्यावर तीन. त्यांच्या बेटावर कसल्याशा मुळीचं पाणी पितात, त्याची ही रीत. कँटीनवाला दरवेळी धावत यायचा, "काय पाहिजे?" क्वार्टरमागे डब्यात त्यानं कोनफळ लावलं होतं. हंगामातलं पहिलं पीक गावच्या मुखियाला द्यायचं म्हणून मुठीएवढं कोनफळ घेऊन हा फोरमनपुढं गुडघ्यावर बसला. फोरमन म्हणाला, "रजा मिळणार नाही."

दोन हजार आठ-नऊ साली आमची ही गेली. माझा सुट्टीचा कागद येईस्तोवर तिकडं सगळं उरकलं होतं. आता जाऊन काय करू, म्हणून गेलोच नाही. रडूही आलं नाही. नुसता सगळ्यांवर खेकसायचो. एक दिवस फिजीवाला माझ्याजवळ येऊन बसला. "दादा, तुमार औरत के कौन चीज अच्छा लगत रहा?"

"बांगडा."

"आज से बंद. सौ दिन. हमार गाँव के रीत. हमार भी बंद."

म्हटलं, आमच्यात सुतक तेराव्याला सुटतं. ऐकतो कसला! वर्कशॉपात खिळ्याला दोर टांगला आणि रोज एक गाठ मारायला लागला. मेसमध्ये मासे असले की लोकांच्या ताटांकडं बघत सुकी खबूस रोटी चावायचा. मी ओरडलो, "अरे, तू तिला बघितलंपण नाहीस!"

"हम नहीं देखा. तुम तो देखा ना."

शंभरावी गाठ बसली तेव्हा मला ओढत समुद्रावर नेलं, बांगडे भाजले, एका बाजूनं कोळसाच केले. मी म्हटलं, "येड्या, शंभर दिवस कधीच होऊन गेले. शुक्रवारी सुट्टी, तू अबू हमूरला चर्चला जायचास, गाठ कोण मारणार?"

तो बोटं मोजत बसला. "सोलह शुक्रवार जास्ती हो गया."

माझा घास तोंडातच राहिला. मला आखातात नोकरी लागावी म्हणून हिनं सोळा शुक्रवार धरले होते. आंबटाला शिवली नव्हती बाई. तिथं वाळूत बसून मी पोरासारखा रडलो. त्यानं गप्प केलं नाही. झाल्यावर तीन टाळ्या वाजवल्या. "खलास, दादा. अब खाओ." त्या दिवशी मी चार बांगडे खाल्ले आणि रात्री गाढ झोपलो.

पुढं तो त्याच्या बेटावर गेला, मी गावी आलो. अजून चहा समोर आला की हातून एक टाळी वाजते. सून आतून धावत येते, "बाबा, काय हवंय?"

काही नको म्हणतो.