काकू बॉलपार्कात

समोरच्याच्या शब्दावर आमच्या शेजारच्या काकांइतका विश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या टेक्सासात सापडायचा नाही. नागपूरला सिंचन खात्यात इंजिनिअर होते. निवृत्तीनंतर काकूंसह मुलाकडे फ्रिस्कोला आले आणि इथल्या इंग्रजीत पार हरवले. पलीकडची बाई आपली सौजन्याने म्हणाली, "एकदा लंच करू या," तर दुसऱ्याच दुपारी काका इस्त्रीच्या शर्टात तिच्या दारात हजर! दुकानातल्या पोरीने "हाउ आर यू" म्हटलं, की मागे रांग खोळंबली तरी पित्तापासून गुडघ्यापर्यंत सगळं सांगायचे. वर मलाच ऐकवायचे, "विचारलं ना तिनं? मग सांगायला नको?"

काकूंना छातीत दुखून हॉस्पिटलात ठेवलं, तेव्हा मुलगा नेमका परगावी, विमानात. मी काकांना आंघोळीपुरतं घरी आणलं, तर थोड्याच वेळात ते ओल्या केसांनी माझ्याकडे धावत आले. "अरे, तिला बॉलपार्कात नेलं!"

"कोणी?"

"नर्सचा फोन होता. 'शी इज राइट इन द बॉलपार्क नाउ,' म्हणाली."

हॉस्पिटलसमोरच बॉलपार्क, म्हणजे बेसबॉलचं स्टेडियम आहे. आग लागली असेल, पेशंट तिकडे हलवले असतील, असं काका म्हणाले आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला ते पटलंसुद्धा! गाडी थेट स्टेडियमवर.

"नो गेम टुडे, सर," गार्ड म्हणाला.

"माय वाइफ इज इनसाइड!"

गार्डही गोंधळला. त्याने फाटक उघडलं. रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा बघून काका ओरडू लागले, "सुमन! सुमन!" काकूंना जन्मभर "अगं, ऐकलंस का" म्हणणारा माणूस! मग कुठे मला हॉस्पिटलला फोन करायचं सुचलं. नर्सला सांगायचं होतं ते एवढंच, की काकूंचे ठोके आता हवे तितपत आलेत. हे लोक त्यालाही बॉलपार्कच म्हणतात.

"म्हणजे बरी आहे?"

"बरी आहे, काका."

"मग 'बरी आहे' म्हणायला काय झालं होतं त्या पोरीला?" असं म्हणून ते तिथल्याच खुर्चीवर बसले आणि रुमालात तोंड लपवून रडले. गार्डने पाणी आणून दिलं.

खोलीत शिरलो तेव्हा काकू उशीला टेकून बसल्या होत्या. "आंघोळीला इतका उशीर?"

"पार्किंग मिळेना," काका म्हणाले, आणि काकूंच्या पायांवरचं पांघरूण उगीचच सारखं करत राहिले.

मुलाने नोकरी बदलली, तशी ती सगळी दूर दुसऱ्या राज्यात, अल्फारेटाला गेली. शेजारचं घर आता शांत असतं. तिकडे काकांना या लोकांचं इंग्रजी कोण समजावून सांगत असेल, कोण जाणे.