मावशींचा प्लँक

हाडांच्या वॉर्डात मावशींना अठरा वर्षं झाली होती. पेशंटला कुशीवर वळवणं, अंगाखालची चादर त्याला न दुखवता बदलणं, यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. घरापासून हॉस्पिटलपर्यंत त्या रोज पायीच यायच्या. तरी वर्षभरापासून कंबर कुरकुरत होती.

त्या आठवड्यात सात नंबरच्या खाटेवर एक निवृत्त पी.टी. सर आले. खुब्याचं हाड मोडलेलं, ऑपरेशन झालेलं आणि वजन चांगलं नव्वद किलो. त्यांना वळवताना मावशींच्या तोंडून "आई गं" निघून गेलं.

"हाड माझं मोडलंय आणि कण्हताय तुम्ही," सर म्हणाले.

"वय झालं, सर."

"वयाला कशाला बोल लावता? हातपाय दणकट आहेत तुमचे, पण पोट आणि पाठ रजेवर गेलीत. सगळा भार कमरेवर येतो. चालताय ते चांगलंच, पण त्याच्या जोडीला प्लँक करा. पालथं होऊन कोपरं आणि पायांच्या बोटांवर अंग फळीसारखं ताठ उचलून धरायचं."

मावशींनी हे हसण्यावारी नेलं नाही. फिजिओथेरपीच्या मॅडम आल्या तेव्हा त्यांना विचारलं. मॅडमनी पाठ तपासली, वाकवून पाहिली. "स्नायू कमजोर आहेत, बाकी काळजीचं काही नाही. करा, पण सुरुवातीला गुडघे टेकवून. कळ आली की थांबायचं."

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मावशींनी सात नंबरचा पडदा ओढला, जमिनीवर जुनी चादर अंथरली. कोपरं खांद्यांच्या बरोबर खाली, पोट आत, मान सरळ. सर खाटेवरून मोजत होते. सातच्या आकड्याला मावशी सपशेल आडव्या झाल्या.

"श्वास कोंडलात म्हणून," सर म्हणाले. "माझ्याशी बोलत राहा, म्हणजे कोंडणार नाही."

मग मावशी बोलू लागल्या. लेकीचं सासर, शेजारणीशी नळावरून झालेलं भांडण, सगळं दहा-पंधरा सेकंदांच्या हप्त्यांनी सरांच्या कानावर पडू लागलं. भांडण रंगात आलं की कंबर वर जायची आणि सर दटावायचे, "बाई, आधी कंबर खाली, मग शेजारीण."

बाराव्या दिवशी सरांना घरी सोडलं. तोवर मावशी गुडघे न टेकवता वीस सेकंदांपर्यंत पोचल्या होत्या. पुढचं त्यांनी घरी चालू ठेवलं. पहिल्याच दिवशी नवऱ्याने दारातून विचारलं, "खाटेखाली काय हरवलंय?"

"माझी कंबर," मावशी म्हणाल्या, आणि पंधरावर कोसळल्या.

तीन महिन्यांत त्या एका मिनिटावर आल्या. जादू काही झाली नाही. डबल ड्यूटीनंतर पाठ अजूनही दुखते. पण पेशंटला वळवताना आधी पोट आवळायचं, श्वास सोडायचा आणि मग जोर लावायचा, हे आता आपसूक होतं. जिना चढून आल्यावर भिंतीला टेकून उभं राहायची सवयही सुटली. दुखण्याच्या गोळ्यांचं नवं पाकीट त्यांनी महिनाभर फोडलेलं नाही.

नवरा जन्मभर टेबलाशी बसून घड्याळं दुरुस्त करणारा, त्याची पाठ यांच्याहून वाईट. गेल्या रविवारी तोही मुकाट्याने शेजारी पालथा झाला. आठ सेकंद टिकला. मावशींनी त्याला गुडघे टेकवायला लावले आणि पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली.