आकाशातली टकटक

मार्गासनीच्या धनाजीला खोटं पचत नाही. त्याच्या शेळीनं माझ्या वाफ्यातली मेथी खाल्ली तेव्हा मला पत्ताही नव्हता. हा पठ्ठ्या स्वतः दाराशी आला आणि शेळीच्या वतीनं माफी मागून गेला. असल्या माणसाचा शेजार म्हणजे डोक्याला ताप. तो खरं बोलतो म्हणून आपल्यालाही बोलावं लागतं. त्यामुळे गेल्या कार्तिकात त्यानं एक गोष्ट कित्येक दिवस पोटात दाबून ठेवली होती हे कळलं, तेव्हा मला आधी हसू आलं आणि मग त्याची फार कीव आली.

झालं असं. धनाजीला दहावीला विज्ञानात काठावर पास करणारे दीनानाथ सर भोरला निवृत्त होऊन बसले होते. त्यांना आकाश ऐकायचा नाद. एक जुनी जाळीची डिशची छत्री, तिला जोडलेलं यंत्र आणि लॅपटॉप, एवढा त्यांचा संसार. भोरात मोबाईलच्या टॉवरांची कटकट, म्हणून छत्री धनाजीच्या खळ्यावर उभी राहिली. सर मुक्कामालाच आले. पहाटे ओट्यावर कानाला हेडफोन लावून बसायचे.

धनाजीची बायको रत्ना हिनं पहिल्याच दिवशी चहा देताना विचारलं, "सर, नेमकं काय ऐकू येतं?"

"अजून काहीच नाही," सर हसले. "पण फार लांबून, आपल्या आकाशगंगेच्याही पलीकडून, रेडिओचे झटके येतात. पापणी लवायच्या आत संपतात. बहुतेक एकदाच येतात. काही ठिकाणांहून मात्र पुन्हा पुन्हा. का येतात ते अजून कुणालाच नक्की ठाऊक नाही. मेलेल्या ताऱ्याचा गोळा असतो, त्याच्यात चुंबकाची अचाट ताकद. त्यातून ते निघत असावेत असं बरेच जण म्हणतात."

"आन् तिकडं मानसं असली तर?"

"ते सगळ्यात शेवटी म्हणायचं, रत्ना. आधी बाकीचं सगळं तपासून."

सरांची अट एकच. आसपास ठिणगी उडवणारं काही चालू नको, आणि शेतातली झटका मशीन तर मुळीच नको. रानडुकरं येऊ नयेत म्हणून भाताभोवती तार ओढलेली असते, तिच्यात ही मशीन थांबून थांबून विजेचा झटका सोडते. तार गवताला टेकली की बारीक ठिणगी उडते आणि जवळच्या रेडिओत टकटक होते.

"बंद ठेवतो, सर. शबूद हाय माजा," धनाजी म्हणाला.

पहिल्याच रात्री डुकरं इंद्रायणी भातात लोळून गेली. लोंब्या भरलेल्या, कापणी तोंडावर आलेली. रत्ना बांधावर उभी राहून नुसती बघत राहिली. ती ओरडली असती तर धनाजीनं सोसलं असतं. संध्याकाळी तो ओढ्याकडच्या मोटारीच्या खोलीत गेला आणि त्यानं तिथल्या झटका मशीनचं बटण दाबलं. एवढ्या लांबून येणारा आवाज, आपलं एवढंसं डबडं त्याचं काय वाकडं करणार, अशी त्यानं मनाची समजूत काढली. उजाडलं की गुपचूप बंद करायचं, असंही ठरवलं.

दुसऱ्या पहाटे सर ओट्यावरून ओरडले, "धनाजी! आलं रे, आलं!"

कधी चार ठोके, कधी सहा, मग शांत, मग पुन्हा. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी हेडफोन काढून धनाजीच्या कानाला लावले. मोटार सुरू करायला रोज त्या मशीनशेजारी उभा राहणारा माणूस तो. दुसऱ्याच ठोक्याला त्याला कळलं, ही आपलीच मशीन.

"लई भारी, सर," एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

तिथंच सांगितलं असतं तर हसण्यावारी गेलं असतं. पण भात उभं होतं आणि मशीन बंद करायचा धीर होत नव्हता. रोज पहाटे टकटक यायची, उजाडलं की थांबायची, आणि सर रोज नव्यानं खूश व्हायचे. बातमी भोरला पोहोचली. जुन्या विद्यार्थ्यांनी सत्कार ठरवला, आणि निरोप आला की जागा दिल्याबद्दल धनाजीलाही शाल-श्रीफळ द्यायचंय. तेव्हापासून त्याला अन्न गोड लागेना. नवं भात घरात आलं, रत्नानं पहिला वाफाळता भात वाढला, तर हा ताटावरून उठला.

"सांगून टाका की," ती म्हणाली.

"सांगून काय व्हईल? पाप म्या केलं, आन् हसं सरांचं व्हईल."

"आन् न्हाई सांगितलं तर?"



सत्काराच्या सकाळी त्यानं मशीन आणि बॅटरी पिशवीत घातली आणि एसटीनं भोर गाठलं. सत्कारासाठी आदल्या दिवशीच घरी परतलेले सर इस्त्रीचा सदरा घालून तयार बसले होते. धनाजीनं टेबलावर मशीन ठेवली आणि चालू केली.

टक. टक.

सरांनी वाकून तिचे ठोके मोजले. मग त्यांनी विचारलं, "कधीपासून?"

"दुसऱ्या दिसापास्नं. डुकरं आली हुती, सर. चुकलो म्या. काय बी बोला मला."

सर रागावले नाहीत. "लांबून आलेल्या झटक्यात वरचे सूर आधी पोहोचतात, खालचे मागून येतात," ते म्हणाले. "ह्यात सगळे एकदमच आले होते. मला पहिल्या दिवशीच दिसलं होतं ते, धनाजी. पण म्हटलं, मशीन तर बंद आहे, धनाजीनं शब्द दिलाय. तेव्हा माझं यंत्रच चुकत असणार."

"त्यापरीस कानाखाली जाळ काढला असता तर बरं झालं असतं," धनाजी मला म्हणाला.

सरांनी सत्कार ठरवणाऱ्या मानसिंगला फोन लावला. "कार्यक्रम रद्द कर बाबा. माझ्या तपासणीत चूक झाली." तिकडून मानसिंग खोदून खोदून विचारत होता. "नाही रे, दुसऱ्या कुणाची नाही. माझीच चूक," सर पुन्हा पुन्हा सांगत होते. धनाजीचं नाव त्यांनी घेतलं नाही.

"द्या सर इकडं," धनाजी म्हणाला.

सरांनी मानेनंच नको म्हटलं. त्यानं फोन त्यांच्या हातातून काढून घेतला.

"म्या मार्गासनीचा धनाजी बोलतोय. मशीन म्या चालू ठेवली हुती. सरांस्नी म्या फसवलं. समद्यांला असंच सांगा."