पिशवी अडकवायची दोरी

गावात सगळे त्याला भोंगा म्हणत. त्याच्या ट्रकचा हॉर्न केव्हाच मेला होता, पण मालकाचा गळा शाबूत असल्यामुळे नवा बसवायची गरज कुणाला वाटली नव्हती. ट्रक सकाळी उठताना खोकायचा, भोंगाही खोकायचा. दोघांचं चांगलं जमायचं.

बायकोने मात्र दोघांपैकी एकालाच सांभाळायचं ठरवलं होतं. नवऱ्याची कंबर धरायला लागली होती. तिच्या भावाचं सुट्या भागांचं दुकान होतं आणि हा ट्रक घ्यायला तो एका पायावर तयार होता. वर भाऊजींना गल्ल्यावर बसवायचीही त्याने तयारी दाखवली, तेव्हा भोंग्याला रात्रभर झोप लागली नाही. खूप वादावादीनंतर तह झाला. लेकीचं सामान तिच्या नव्या घरी पोचवायचं होतं. बायको स्वतः ट्रकमधून येणार आणि वाटेत तो एकदा जरी बंद पडला, तरी ट्रक मेव्हण्याच्या दारात. भोंग्याने छाती फुगवून हो म्हटलं आणि नेमका त्याच आठवड्यात सोलेनॉइडने दगा दिला.

सोलेनॉइड म्हणजे डिझेलच्या पंपावरचा बोटभर डबा. किल्ली फिरवली की तो डिझेलची वाट उघडतो, किल्ली बंद केली की मिटतो. याचा मनाला येईल तेव्हा मिटू लागला. नवा घ्यायचा तर मेव्हण्याच्याच दुकानाची पायरी चढायची, त्यापेक्षा ट्रक खांद्यावर उचलून नेलेला बरा. भोंग्याने डब्याच्या आतली दांडीच उपसून फेकून दिली. वाट कायमची उघडी. आता किल्ली काढली तरी इंजिन सुरूच, निरोप घेऊन दारात तासभर बोलत उभ्या राहणाऱ्या पाहुण्यासारखं. म्हणून त्याने पंपाच्या डिझेल तोडणाऱ्या खटक्याला दोरी बांधली, ती समोरच्या पत्र्यातल्या भोकातून केबिनमध्ये घेतली आणि बाजूच्या सीटपुढे टोकाला फास करून लोंबती सोडली. दोरी ओढली की इंजिन गप्प.

निघताना बायकोने विचारलं, ही दोरी कसली. खरं सांगावं तर सगळंच उघडं पडणार.

"पिशवी अडकवायला," तो म्हणाला, आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन मागे कपाट आवळायला गेला.

दोघांच्या मध्ये लेकीच्या गाद्यांची वळकटी उभी केली होती. तिच्यावरून त्याला बायकोचं फक्त नाक दिसत होतं. त्या नाकाला तो ट्रकचे गुण ऐकवत होता, तेवढ्यात पुलाच्या अलीकडे खड्डा आला. त्याने क्लच दाबला आणि इंजिन बंद. बायको पिशवी घेऊन खाली उतरली, पाणी प्यायली. त्याने पंपाला पान्याचा एक ठोका दिला, ट्रक सुरू झाला. पुढे गतिरोधकावर पुन्हा तेच.

या वेळी तो उतरलाच नाही. स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसून राहिला. लेक जन्मायच्या आधीपासून हा ट्रक त्याच्या हाताखाली होता. आता मेव्हण्याच्या गल्ल्यावर बसून नट मोजायचे, या विचाराने त्याचे डोळे भरून आले. वळकटीपलीकडे पिशवीचे बंद सळसळले. मग बायको एवढंच म्हणाली, की चालवा आता.

त्यानंतर ट्रक असा पळाला की विचारू नका. भोंग्याने त्याचं श्रेय पान्याच्या ठोक्याला दिलं.

लेक दारातच उभी होती. त्याने सवयीने किल्ली काढली, इंजिन धडधडतच राहिलं. आता दोरीपर्यंत हात कसा न्यावा, या विचारात तो वळकटीवरून वाकला. बायको पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली होती. तिने मोकळ्या हाताने दोरी शांतपणे ओढली. इंजिन गप्प झालं.

"आई, मामाचा फोन येऊन गेला," लेक म्हणाली. "वाटेत कितीदा थांबला म्हणून विचारत होता."

"एकदाही नाही म्हणावं. आत्ता मी थांबवला तेवढाच."

भोंगा तोंड उघडं टाकून बघत राहिला. बायकोने त्याच्याकडे न बघता दार उघडलं आणि त्याला आधी कपाट उतरवायला सांगितलं.